एका नदीची सीमा आणि आठ वर्षे

प्रिय विद्यार्थिमित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. दोन शेजारी राष्ट्रे लढली की जगाच्या सुरक्षेला झळ कशी पोहोचते, हा प्रश्न रास्त आहे. परंतु सात युद्धांची जंत्री दिल्यामुळे एकाच्याही खोलात तुला शिरता आलेले नाही. माझे ऐकशील तर केवळ इराण-इराक युद्ध घे.

भांडण शत-अल-अरब नदीतल्या सीमेचे होते. १९७५ च्या अल्जियर्स कराराने ती पात्रातल्या सर्वांत खोल प्रवाहावरून आखली होती. सद्दाम हुसेन यांनी तो करार झुगारून २२ सप्टेंबर १९८० रोजी इराणवर आक्रमण केले. आठवड्याच्या आत सुरक्षा परिषदेने ठराव ४७९ संमत केला. त्यात बळाचा वापर थांबवण्याचे आवाहन होते, पण इराकने सैन्य मागे घ्यावे असे कुठेही म्हटले नव्हते. ही न लिहिलेली ओळ तू जरूर वाच. इराणने ठराव फेटाळला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी रासायनिक अस्त्रांचे पुरावे मांडूनही इराकला फारशी किंमत मोजावी लागली नाही, आणि मार्च १९८८ मध्ये हलब्जा या इराकमधल्याच कुर्दी गावावर त्याने विषारी वायूचा हल्ला केला.

तोवर युद्ध समुद्रात उतरले होते. टँकरांवर हल्ले होऊ लागल्याने अमेरिकी नौदलाचे संरक्षण मिळावे म्हणून कुवेतच्या ११ टँकरांवर अमेरिकेचा झेंडा चढला. जुलै १९८७ मध्ये पहिल्याच ताफ्यातला ‘ब्रिजटन’ सुरुंगावर आदळला. त्यानंतर त्याच्या रक्षणासाठी आलेल्या युद्धनौकाच त्या अजस्र टँकरच्या मागे, त्याच्या आडोशाने चालू लागल्या. (मला तर हे दृश्य साऱ्या आकडेवारीपेक्षा बोलके वाटते.) ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकी युद्धनौका ‘व्हिन्सेन्स’ने बंदर अब्बासहून दुबईला निघालेले इराणी प्रवासी विमान पाडले. २९० जण गेले, त्यांत १० भारतीय होते. त्यांचा त्या नदीशी काय संबंध होता?

ऑगस्टमध्ये शस्त्रसंधी झाली, तरी तू तिथे थांबू नकोस. युद्धाने कर्जबाजारी झालेल्या इराकने २ ऑगस्ट १९९० रोजी आपल्याच सावकारावर, म्हणजे कुवेतवर, चढाई केली. आणि पंधरवड्यातच, इराणकडची आघाडी मोकळी व्हावी म्हणून, सद्दाम यांनी १९७५ चीच सीमा पुन्हा मान्य केली. पुढचा मसुदा या घटनेपासून सुरू कर आणि मागे मागे जा. झाला की पाठव.

तुझा,
एक जुना शिक्षक