केस प्रत्यारोपणानंतर किती दिवसांत कामावर जाता येते, आणि ते कोणाला न कळता जमते का?

आपण दापोलीजवळ राहता, रोज दुचाकीने कामावर जाता, आणि केसांचे प्रत्यारोपण करून घेतल्यावर किती दिवसांत नेहमीसारखे वावरता येईल व ही गोष्ट गावात कोणाला न कळता पार पडेल का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे. पार पडणार नाही, आणि आपण ती लपवण्याच्या फंदात पडूही नये.

हल्ली बहुतेक ठिकाणी एफयूई पद्धतीने, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूचे केस मुळासकट एकेक काढून पुढे रोवून, काम होते आणि त्यासाठी बहुधा डोक्यावरचे सगळे केस अगदी बारीक कापावे लागतात. मुंबई-पुण्यात अशा डोक्याकडे कोणी वळून पाहत नाही. आपल्याकडे मात्र चाळिशीतला माणूस अचानक असा दिसला, की घरात कोण गेले हा पहिला प्रश्न असतो. मी राजापूर तालुक्यात एका पतसंस्थेत रोखपाल आहे. रजेनंतर खिडकीवर बसलो त्या सकाळी एका नेहमीच्या खातेदारांनी आवाज खाली आणून "कधी झालं?" असे विचारले, मग माझ्या मिशीकडे पाहिले आणि ती शाबूत असल्याचे दिसताच ते पुरते गोंधळले. डेंग्यू झाला, नवस होता, उवा झाल्या, असल्या सबबी अशा वेळी टिकत नाहीत. मी सरळ सांगितले, की केस लावून घेतले आहेत. नाटे गावाकडची मासळी विकणारी एक म्हातारी रांगेत होती, ती म्हणाली, "बरं केलंस. आता माझ्या पुस्तकात जरा आकडे लाव." तेवढ्यावर विषय संपला, कारण जे उघड सांगितले जाते त्यात कुजबुजण्यासारखे काही उरत नाही.

आता आपला पहिला प्रश्न. बैठे काम असेल तर चार-पाच दिवसांनीही जाता येते. मात्र कपाळावरची सूज तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाली उतरून डोळ्यांपर्यंत येते आणि खपल्या पडायला साधारण 7 ते 14 दिवस लागतात, म्हणून दहा दिवसांची रजा काढावी हे बरे. ओझी उचलण्याचे, होडीवरचे किंवा बागेतले काम असेल, तर दोन ते चार आठवडे थांबावे. पहिल्या काही रात्री पाठीमागे उशा लावून, डोके उंच ठेवून अर्धवट बसल्यासारखे झोपावे लागते. रोवलेली मुळे घट्ट धरायला साधारण दहा दिवस लागतात आणि तोवर त्यांना कशाचाही घासा लागता कामा नये, त्यामुळे हेल्मेट निदान तेवढे दिवस तरी वर्ज्य, आणि हेल्मेट नाही म्हणजे दुचाकीही नाही. "हळू चालवतो" असे म्हणून उघड्या डोक्याने निघू नये. रिक्षा करावी किंवा एसटीने जावे, आणि एसटीत मागे डोके टेकून डुलकी काढू नये. समुद्रात पोहणे महिनाभर बंद. कडक ऊन निदान दोन-तीन महिने टाळावे, आणि टोपी घालायचीच तर सैल, तीही डॉक्टरांनी होकार दिल्यावर.

डॉक्टरांच्या छापील सूचनांमध्ये हे सगळे असते. त्यांत नसतात त्या आपल्या घरांच्या चौकटी. जुन्या कौलारू घरात माजघरातून पडवीत येताना आपण जन्मभर मान लववून आलेलो असतो, पण सुजलेल्या डोळ्यांनी तो अंदाज चुकतो, आणि ताज्या जागेवर लाकडाचा एक ठोका बसला तर तेथली मुळे उपटून येऊ शकतात. माझ्या पत्नीने सगळ्या चौकटींच्या वरच्या पट्टीला जुन्या साडीच्या घड्या खिळ्यांनी ठोकल्या होत्या आणि माजघराच्या दाराला तर एक उशीच बांधली होती. या उशीबद्दल घरात बरेच हसणे झाले, पण माझे डोके तिला दोनदा लागले. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ होते, म्हणून डोके धुण्यासाठी पाणी उकळून निववून घेत असू. डोके जोराच्या धारेखाली न धरता, साबणाचा फेस वरून अलगद ठेवून पाणी लोट्याने हळूहळू ओतायचे आणि बोटे फिरवायची नाहीत. वीज गेली की पंखा बंद, आणि दमट हवेत घाम थेट टाळूवर साचतो. तेथे खाज सुटते आणि खाजवण्याची मनाई असते. आईने पहिल्याच दिवशी खोबरेल तेलाची वाटी आणून ठेवली होती. तिला नाही म्हणणे या सगळ्यात सर्वांत अवघड गेले.

खरी परीक्षा पुढे येते, आणि तिच्याविषयी आपण विचारलेलेच नाही. लावलेले केस दोन ते सहा-आठ आठवड्यांत गळतात. मूळ त्वचेखाली राहते आणि वरचा केस पडून जातो. ते मूळ काही काळ स्वस्थ राहून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, मऊ केस वर काढू लागते. सहा महिन्यांनी फरक डोळ्यांना दिसतो, पूर्ण रूप यायला वर्ष लागते, आणि भोवऱ्याच्या जागी त्याहूनही अधिक. हे मला आधी समजावून सांगितलेले होते. माझी शस्त्रक्रिया श्रावणाच्या सुरुवातीला झाली, कारण पतसंस्थेत तेव्हाच रजा मिळण्यासारखी होती, आणि गळतीचा काळ बरोबर चतुर्थीला आला.

चतुर्थीला आमच्या मूळ घरात सगळे चुलत घराणे जमते. मुंबईचे चाकरमानी आले, माटी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधली गेली, आणि तिला फळे बांधण्यासाठी मी मान वर केली तेव्हा दिव्याचा उजेड नेमका माझ्या टाळूवर पडला असावा. मोठे चुलतभाऊ, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, आरतीनंतर सगळ्यांच्या देखत म्हणाले, "घराची कौलं शाकारायची सोडून ह्याने डोकं शाकारून घेतलं, आणि ते पहिल्याच पावसात गळायला लागलं!" विनोद उत्तम होता, हे मीही मान्य करतो. भजनाला आलेल्या मंडळींनी तो वाडीभर नेला आणि पुढे कित्येक महिने तो मला बाजारात ऐकू येत असे.

मी त्यांना शांतपणे सांगायचा प्रयत्न केला. मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातील केस टक्कल पाडणाऱ्या संप्रेरकाला सहसा बळी पडत नाहीत आणि दुसरीकडे नेऊन लावले तरी आपला तो गुण राखतात. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी 1959 साली हे मांडले आणि सगळी शस्त्रक्रिया त्यावरच उभी आहे. अण्णांनी एवढेच विचारले, की किती पैसे घालवलेस. तो आकडा मी सांगितला नाही, आणि आपणही सांगू नये. शस्त्रक्रिया झाली आहे हे सर्वांना सांगावे, खर्च कोणालाही सांगू नये, कारण तो कळल्यावर आपल्या डोक्यावरचा एकेक केस घरच्या हिशेबाच्या वहीत धरला जातो. पुरुषाने रूपाकडे पाहणे म्हणजे उधळपट्टी, असे मानणारी माणसे स्वतः दर पंधरवड्याला कलप लावतात, आणि तो कलप लावलेला असतानाच हे मत ऐकवतात. मी तिशीपासून फोटोत मागच्या रांगेत उभा राहणारा माणूस होतो. ते थांबवण्यासाठी मी माझ्या पगारातले पैसे खर्च केले, यात कोणाची परवानगी घेण्याचा प्रश्न येतो कुठे, हे मला अजून कळलेले नाही.

शिमग्यात पालखी दारात आली तेव्हा माझ्या कपाळावर केसांची रेषा स्पष्ट दिसत होती. अण्णा पालखीला आले होते आणि त्यांनी हवापाण्याविषयी बोलणे पसंत केले.

आपल्याला वेळ निवडता येत असेल तर दिवाळीनंतरचे दिवस निवडावेत. ऑक्टोबरची काहिली संपलेली असते, घाम कमी येतो, आणि गळतीच्या काळात घरात पाहुण्यांची गर्दी नसते. शिमग्याच्या रंगांपासून मात्र डोके जपावे. मे महिन्यात, लग्नसराईच्या तोंडावर, करून घेण्याचा मोह अनेकांना होतो. किनाऱ्यावरच्या मे महिन्यात पहिले दोन आठवडे काढणे म्हणजे निव्वळ छळ आहे.

आणखी काही गोष्टी खरे तर आधीच सांगायला हव्या होत्या. प्रत्यारोपणाने नवे केस निर्माण होत नाहीत, आहेत त्यांची जागा बदलते, आणि डोक्यावरचे मूळचे पातळ केस पुढेही गळतच राहतात. म्हणून बहुतेकांना मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड चालू ठेवायला सांगतात. यांतील दुसऱ्या औषधाचे काही पुरुषांत लैंगिक दुष्परिणाम होतात, त्यामुळे ते ऐकीव माहितीवर घेऊ नये. वय पंचविशीच्या आत असेल तर थांबावे, कारण टक्कल कुठवर जाणार हे तेव्हा ठरलेले नसते. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. शस्त्रक्रिया नेमकी कोण करणार हेही विचारावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 साली स्पष्ट केले आहे, की हे काम रीतसर शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचे आहे आणि कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून ते शिकता येत नाही. ताप आला, पू दिसला किंवा वेदना कमी होण्याऐवजी वाढू लागली, तर घाट चढून जावे लागले तरी डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे.

राहता राहिली कौले. माझ्या वाट्याची रक्कम मी शस्त्रक्रियेच्या आधीच्या मे महिन्यात दिली होती आणि तिची पावती माझ्याकडे आहे. घराची पुढची बाजू शाकारून झाली; मागची पडवी अजून गळते, आणि ती का गळते हे अण्णांना विचारावे, कारण यायची राहिलेली रक्कम त्यांच्या वाट्याची आहे.