‘अल्पसंख्याक’ कोणाला म्हणावे?

दारव्हा तालुक्यातील एका शिक्षकांचा प्रश्न आहे. त्यांच्या मुलीने वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात ‘समलिंगी विवाह हा अल्पसंख्याकांच्या नागरी हक्कांचा प्रश्न आहे’ असे वाक्य लिहिले, तेव्हा गावातील एका जाणत्या गृहस्थांनी हरकत घेतली : ‘अल्पसंख्याकाची त सरकारी यादी असते, हे कोन्त्या यादीत हायत?’ शब्द बदलावा का, असे शिक्षक विचारतात.

बदलू नये, मात्र हरकत अडाणीपणाची नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३० मधील अल्पसंख्याक धर्माच्या किंवा भाषेच्या आधारावरचे आहेत, आणि १९९२ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग अधिनियमाखाली मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी व २०१४ पासून जैन एवढेच समाज अधिसूचित आहेत. आपल्याकडे हा शब्द शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत घरात आला, त्यामुळे तो यादीपुरता आकसला. शब्दाच्या घडणीत यादी कुठेच नाही. ज्याची संख्या अल्प तो अल्पसंख्य. या बहुव्रीहीला विकल्पाने ‘क’ लागतो आणि त्याआधीचा आकार ऱ्हस्व किंवा दीर्घ, दोन्ही चालतो. हिंदीने ‘अल्पसंख्यक’ घेतले, मराठीने ‘अल्पसंख्याक’.

निव्वळ संख्येवर मात्र हा शब्द तोलू नये, कारण तोच तराजू उलटाही वापरला गेला आहे. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे दंड संहितेतील कलम ३७७ कायम ठेवताना समलिंगी व्यक्ती लोकसंख्येचा अत्यल्प अंश असल्याचा उल्लेख केला होता. म्हणजे थोडे आहेत हेच हक्क नाकारण्याच्या बाजूने मोजले गेले. २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ही विचारसरणी अमान्य केली, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे संबंध त्या कलमातून वगळले गेले. ज्यांचे हक्क बहुमताच्या मर्जीवर टांगलेले राहतात ते अल्पसंख्याक, हा अर्थ या वादातूनच ठळक झाला, आणि मुलीच्या वाक्यात तोच अभिप्रेत आहे.

‘नागरी हक्क’ या जोडशब्दालाही आपल्या भागात एक विशिष्ट वास आहे. १९५५ चा अस्पृश्यताविरोधी कायदा १९७६ मध्ये ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ झाला, त्यामुळे विदर्भातील खेड्यात हा शब्द उच्चारला की पाणवठा, देऊळ आणि पोलीस ठाणे आठवते. माझ्या मते ही आठवण वाक्याला मारक नसून पोषकच आहे.

खरी काळजी ‘प्रश्न’ या शब्दाची घ्यावी. ‘समलिंगी विवाह हा नागरी हक्क आहे’ असे लिहिले असते, तर ते आजच्या भारतीय कायद्याचे वर्णन म्हणून चुकले असते, कारण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने विवाह हा मूलभूत हक्क नाही असे ठरवून १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमात असे विवाह बसवण्यास नकार दिला आणि विषय कायदेमंडळाकडे सोपवला. ‘हक्कांचा प्रश्न’ म्हटल्याने मागणी मांडली जाते, ती मान्य झाल्याचा दावा होत नाही.

त्याच निकालात जोडप्यांच्या सहजीवनाला ‘विवाह’ न म्हणता निराळी कायदेशीर मान्यता द्यावी की नाही यावर मतभेद झाला, आणि तीन विरुद्ध दोन मतांनी तीही नाकारली गेली. निराळ्या नावाचे मोल काय असते हे वऱ्हाडातील जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. विधवेचा पुनर्विवाह अनेक जातींत मान्य होता, पण त्याला ‘लग्न’ म्हणत नसत, ‘पाट’ म्हणत. आणि पाटाच्या बाईला लग्नाच्या बाईचा मान मिळत नसे. म्हणून मुलीने ‘सहजीवन’ न लिहिता ‘विवाह’ लिहिले, तेही तसेच राहू द्यावे.