बारावीनंतर शास्त्रीय गायनात पदवी करायची आहे. नागपूर विद्यापीठ की खैरागढ?

गाण्यातच आयुष्य काढायचं असेल तर खैरागढ. मी नागपुरात गाणं शिकवते, माझे विद्यार्थी दोन्हीकडे गेलेत. छत्तीसगढमधल्या खैरागढचं, १९५६ साली स्थापन झालेलं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय कलांसाठीच आहे. उठता-बसता सूर कानावर पडतात, रियाजाला सोबत मिळते. नागपूर विद्यापीठात बीएला संगीत इतर विषयांच्या जोडीने येतं, त्यामुळे रियाजाचे तास स्वतः काढावे लागतात. खैरागढ गाव लहान आहे, पण नागपूरहून जवळच्या राजनांदगाव किंवा डोंगरगढपर्यंत थेट रेल्वे आहे. फक्त इथे नागपुरात चांगले गुरू लाभले असतील आणि तालीम रंगात आली असेल, तर त्यांना सोडू नका. बीए नागपुरातूनच करा. खैरागढचं ठरलं, तर प्रवेशाआधी तिथल्या गुरूंसमोर एकदा गाऊन या. आणि हो, विशारद ही संगीत संस्थांची परीक्षा म्हणजे विद्यापीठाची पदवी नव्हे.