केमो चालू असताना फळं-भाज्या खाल्ल्याने डीएनएचं नुकसान कमी होतं का?

लॅबमध्ये होतं, पेशंटमध्ये मात्र एवढं सोपं नाही. सायक्लोफॉस्फामाइड, सिस्प्लॅटिन ही केमोची औषधं डीएनएच्या धाग्यांमध्ये नको तिथे जोड तयार करून ते जखडून टाकतात, त्यातून डीएनए तुटतो, आणि उंदरांना ती देताना सोबत वनस्पतींमधले अँटिऑक्सिडंट दिले की बऱ्याचदा कॉमेट टेस्टमध्ये (डीएनए किती तुटलाय ते दाखवणारी चाचणी) तुटलेल्या डीएनएची धूमकेतूसारखी शेपटी आखूड दिसते, म्हणजे निरोगी पेशी थोड्या वाचतात. पण कॅन्सरची पेशीपण वाचली तर काय उपयोग, तिचा डीएनए तोडायलाच तर औषध देतोय ना! २००२ च्या एका अभ्यासात हळदीतल्या करक्युमिनमुळे उंदरांमधल्या स्तनाच्या गाठीवर सायक्लोफॉस्फामाइडचा परिणामच कमी झाला होता. जेवणातल्या भाज्या-फळं खुशाल खा, अर्काच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, आणि ग्रेपफ्रूटचंही विचारून घ्या, त्याने काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं.