गोंधळी गोंधळात पडतो तेव्हा

‘माई, नमस्कार. मी नाशिकचा, पंचवटीतला. पिढीजात गोंधळी, वय 36. लग्नसराईत घरोघरचे गोंधळ, बाकी वर्षभर कॉलेजं आणि महोत्सवांतले कार्यक्रम. मी गातो, चुलतभाऊ टुणटुण्यावर, भाचा संबळावर. दोन वर्षांपूर्वी आमच्या करपल्लवीचा, म्हणजे बोटांच्या खुणांनी नाव ओळखण्याच्या कलेचा, व्हिडिओ कुणीतरी काढला, तो फोनाफोनी फिरला आणि माणसं पत्रं लिहायला लागली. आधी बरं वाटलं. आता पाकीट फोडायला हात धजत नाही.

सिन्नरकडच्या एका ताईंच्या मुलाला आकडी यायची. त्या रात्री त्याच्या उशाशी माझं देवीच्या आवाहनाचं गाणं लावतात. दोन महिने आकडी आली नाही म्हणून गोळ्या बंद केल्या असं लिहितात, 501 रुपयेही पाठवलेत. सातपूरच्या एका काकांच्या घरून मंगळसूत्र गेलंय. घरातलंच कुणीतरी आहे, बोटांवर नाव काढा म्हणतात. निफाडच्या एकाला कांद्याला भाव आणून हवाय. एक कॉलेजातला मुलगा संबळाबद्दल काहीबाही विचारत असतो, तेही आहेच. चुलतभाऊ म्हणतो, लोकांची श्रद्धा तू कशाला मोडतोस, सुपाऱ्या वाढल्यात ना? त्याने फ्लेक्सवर ‘चमत्कारी करपल्लवी’ असंही छापून घेतलंय. मला खोटं लिहायचं नाही. पण माई, आवाहन गाताना माझ्याच अंगावर काटा येतो. जादू नाही म्हटलं तर देवीशी बेइमानी होईल का? काय उत्तर देऊ या लोकांना?
– गोंधळातला गोंधळी’

दादा, सिन्नरच्या ताईंना आधी फोन करा. पत्र नको, मेसेज नको, फोन. हा निरोप तुम्हाला मी मागेच धाडलाय, छापून येईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती. इथे पुन्हा लिहितेय ती बाकीच्या वाचकांसाठी. अशी एक आई सिन्नरला असली तर दहा दुसरीकडे असतील.

त्या बाईंच्या मनात काय झालं ते बघा. गोळ्या चालू होत्या म्हणून आकडी थांबली. थांबली त्या सुमारास गाणं सुरू झालेलं होतं, म्हणून गुण गाण्याच्या नावावर जमा झाला. मग गोळ्या कशाला? यात त्यांची काही चूक काढू नका. रात्ररात्र पोराच्या छातीवर हात ठेवून बसलेल्या आईला कशाचा आधार वाटेल हे आपण बाहेरून ठरवू नये. पण आकडीची गोळी एकदम बंद केली तर ती दुप्पट जोराने उलटू शकते, एकामागून एक आकड्या येऊन मूल दगावूही शकतं. साधारण दोन वर्षं एकही आकडी आली नाही तर डॉक्टर गोळी कमी करायचा विचार करतात, तीही हळूहळू. दोन महिने म्हणजे काहीच नाही.

तुम्ही त्यांना एवढंच म्हणायचं: ‘ताई, मी गोंधळी, मला औषधातलं कळत नाही. आज पोराला घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा, गोळ्या बंद केल्याचं न लपवता सांगा आणि ते म्हणतील तसं करा. गाणं लावायचं तर लावा.’ डॉक्टर रागावतील म्हणून त्या जाणार नाहीत, तेव्हा ‘रागावले तर माझं नाव सांगा’ असंही म्हणा. ज्या आवाजावर भरवसा ठेवून गोळ्या बंद झाल्या, त्या आवाजाने सांगितलं तरच त्या सुरू होतील. माझ्यासारखीने शंभर लेख लिहिले तरी नाही. आणि आकडी आलीच तर पोराला कुशीवर वळवायचं, तोंडात काही कोंबायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर 108ला फोन. हेही सांगा. त्यांचे 501 रुपये परत पाठवा. ती गाण्याची बिदागी नाही, तुम्ही त्यांच्या दारी गायला गेला नव्हता. ते गुण आल्याचे पैसे आहेत, आणि गुण तुमचा नव्हता.

सातपूरच्या काकांचं पत्र मला त्याहून भीतीदायक वाटलं. आकडीचं डॉक्टर तरी सांभाळतील. ‘घरातलंच कुणीतरी’ म्हणजे कोण असतं आपल्याकडे? सून, नाहीतर कामाची बाई, नाहीतर बेकार बसलेला धाकटा दीर. त्यांच्या मनात नाव आधीच ठरलेलं आहे, त्यावर फक्त देवीचा शिक्का हवाय. तुमच्या बोटांनी चुकून जरी एखादं अक्षर दाखवलं तरी त्या घरात कुणाची तरी कातडी सोलली जाईल. त्यांना सरळ लिहा, ‘काका, आमच्याकडे कानात सांगितलेलं नावच बाहेर येतं. न सांगितलेलं येत नाही.’ चोरीची तक्रार पोलिसांत.

‘कानात सांगितलेलं नावच बाहेर येतं’ हे वाक्य मी उगाच नाही लिहिलं. 1978 साली मी लग्न होऊन नाशकात आले. तिवंध्याजवळचा वाडा, खाली सासरे, वर दोन दीर, चौकात गोंधळ. पाटावर खण, तांदूळ, तांब्याचा कलश, दिवटीचा तो तेलकट पिवळा उजेड. अख्खा वाडा कठड्याला लोंबकळून बघतोय आणि मी शालूत घामाघूम. मध्यरात्र उलटल्यावर एक गोंधळी जवळ येऊन वाकला, म्हणाला, ‘वहिनी, माहेरचं लाडाचं नाव सांगा, कानात.’ सासरी कुणालाच माहीत नसलेलं नाव होतं ते. मी पुटपुटले. तो नुसता मागे सरला, टुणटुण्याच्या दांडीवर हात ठेवून उभा राहिला. आणि चौकाच्या पार त्या टोकाला दिवटी धरून उभा असलेला म्हातारा गात-गात म्हणाला, आमची चिमी आली हो नांदायला! मला रडूच फुटलं. आई-बाबांची चिमी त्या परक्या वाड्यात कुणीतरी ओळखली होती. देवीनेच सांगितलं, यावर माझा सात-आठ वर्षं पूर्ण विश्वास होता.

मग पुतणीच्या लग्नात मी नेमकी दुसऱ्या बाजूला बसले, आणि बोटं दिसली. तुम्हाला सांगायला नको, वाचकांना सांगते. पुरती रीत सांगत नाही, कुणाच्या पोटावर पाय नको. अक्षरांच्या प्रत्येक वर्गाला हाताची एक खूण असते. क-वर्गाला कमळ, च-वर्गाला चक्र, प-वर्गाला पालवी, अशा. खुणेनंतर जेवढी बोटं, तितवं त्या वर्गातलं अक्षर. चक्र आणि एक बोट, झाला च. पालवीसारखा हलवलेला हात आणि पाची बोटं, झाला म. काना-वेलांटीची सोय वेगळी. हे सगळं गाणं चालू असताना, ताल न सोडता, समोरच्याला संशय न येऊ देता, आणि वाचणाऱ्याने तोंडाने ओवी गात-गात वाचायचं. पहाटे चहाच्या वेळी मी त्या दिवटीवाल्या बाबांना गाठलं. ते हसले. म्हणाले, ‘सहा वर्षं बापाच्या काठ्या खाल्ल्या बाई, तेव्हा कुठे बोटं बोलायला लागली.’

माझा भ्रमनिरास झाला असेल असं वाटतं ना तुम्हाला? उलट झालं. देवीने सांगितलं असतं तर त्यात नवल काय, ती देवीच. पण एका माणसाने मिणमिणत्या दिवटीच्या उजेडात, दुसऱ्याच्या बोटांवरून, गाताना, माझं नाव वाचलं होतं. आजही कुणी चिमी म्हटलं की मला तो चौक आठवतो.

म्हणून सांगते, तुमच्या भावाने फ्लेक्सवर छापलेला शब्द तुमच्याच घराण्याचा अपमान आहे. ‘चमत्कारी’ म्हटलं की सहा वर्षांच्या काठ्या पुसल्या. चमत्कार काय, कुणालाही होतो. करपल्लवी शिकावी लागते. भावाला हे पटलं नाही तर पैशाच्या भाषेत सांगा. 2013 साली आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला. दाभोलकरांचा खून झाला त्याच वर्षी, आधी वटहुकूम आणि डिसेंबरात विधिमंडळाची मंजुरी. कीर्तन, भजन, वारी याला त्यात हात लावलेला नाही, तशी वेगळी नोंदच आहे. गाण्याबद्दल कुणी तुमच्या वाटेला जाणार नाही. पण अघोरी उपायांचे, चमत्काराने फसवण्याचे जे प्रकार त्यात दिलेत ते करणारा आणि त्यांचा प्रचार करणारा, दोघेही सापडतात. कैद सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. एका शब्दावरून उद्या कुणी बेड्या घालणार नाही हे मलाही कळतं. तरी त्या शब्दापायी सातपूरचे काका तुमच्याकडे आले आणि उद्या त्यांच्या घरात काही झालं तर पोलीस तो फ्लेक्स आधी बघतील. नवा छापायला कितीसे पडतात? ‘पारंपरिक करपल्लवी’ लिहा. सुपाऱ्या कमी होणार नाहीत. झाल्या थोड्या, तर झाल्या.

आता तुमचा खरा प्रश्न, बेइमानीचा. मी शास्त्र शिकलेली बाई नाही, पण गोंधळ पुष्कळ ऐकलेत. तुम्ही आवाहनात काय म्हणता, ते जरा स्वतःच ऐका. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, आपली वणीची सप्तशृंगी, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, एकेकाचं गाव घेऊन तुम्ही प्रत्येकाला म्हणता, गोंधळाला या. या म्हणता. अमकं करा, तमक्याला बरं करा, असं कुठे म्हणता? घरोघरी जाऊन अक्षत देणाऱ्यासारखं तुमचं काम. आमंत्रण पोचवायचं, येणारा येईल. देवाला मंत्राने बांधून कामाला लावतो तो मांत्रिक. गोंधळी कधीच तो नव्हता.

आणखी एक. गोंधळ घालतात केव्हा? लग्न पार पडल्यावर, बाळ झाल्यावर, नवस फळल्यावर. कार्य झालं, आता फेडायचं, म्हणून. म्हणजे गोंधळ मिळवण्यासाठी नसतो, मिळालेल्यासाठी असतो. हे तुमच्या आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं. मला एवढा परिच्छेद लागला. तेव्हा ‘माझ्यात शक्ती नाही’ असं लिहिलंत तर देवीशी बेइमानी होत नाही. ‘आहे’ असं लिहिलंत तर होते. अंगावर काटा येतो, तो येऊ द्या. चाळीस वर्षं ऐकून माझ्याही येतो. तो तुमच्या-तिच्यातला व्यवहार आहे, त्याच्या पावत्या फाडायच्या नसतात.

आणि एक टोचणारं विचारते, राग मानू नका. पत्रं उघडायला हात धजत नाही म्हणता, मग गेली दोन वर्षं ती जपून का ठेवलीत? थोडं आवडतं ना? ‘तुमच्या आवाजात देव आहे’ असं कुणी लिहिलं की दिवसभर चाल वेगळी होते. होणारच. मलाही वाचक ‘माई, तुम्ही आयुष्य वाचवलंत’ लिहितात, तेव्हा मी ते पत्र दोनदा वाचते. फक्त ते खरं मानून पुढचा सल्ला देत नाही.

निफाडच्या दादांना पोस्टकार्डावर दोन ओळी पुरेत. लासलगावच्या लिलावात देवीचा माणूस बसत नाही, असता तर आमच्या माहेरची कांदाचाळ कधी सडली नसती. ते हसतील. त्यांनाही ठाऊक आहे.

राहिलं एक पत्र. मंगळसूत्र, कांदा, आकडी, सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंत, आणि त्या कॉलेजातल्या मुलाला ‘काहीबाही’ आणि ‘तेही आहेच’ यात गुंडाळलंत. काय विचारतो तो? संबळाच्या एका काठीचं टोक वळवलेलं का असतं, हे? पावसाळ्यात कातडं सैल पडलं तर किती शेकायचं, हे? लहान तोंडाचा बोल मोठ्यावर कसा चढवायचा, हे? तुमच्याकडे जादू मागायला न आलेला एवढा एकच माणूस दिसतो, आणि त्याचंच उत्तर राहिलंय. त्याला शिकण्याएवढी चिकाटी आहे की नाही, मला माहीत नाही. चार दिवसांत कंटाळून जाईलही. पण विचारत असतो म्हणता, म्हणजे एकदा विचारून गप्प बसलेला नाही.

त्याला बोलवा. पत्रातून संबळ शिकवता येत नाही. एखाद्या रविवारी सकाळी भाच्याच्या शेजारी बसवा, काठ्या हातात द्या आणि तुम्ही चहा करायला आत जा. आतून ऐका. भाचा किती वर्षांचा आहे, तुम्ही लिहिलं नाहीत, पण त्यालाही कुणीतरी बरोबरीचं लागेल. तुमचा भाऊ उद्या टुणटुणं ठेवून फ्लेक्सच्याच धंद्यात शिरला तर समोरून बोटं वाचणारा माणूस कुठून आणणार आहात?

सिन्नरहून काय कळलं तेवढं मला लगेच कळवा. लांब पत्र नको, एक ओळ चालेल.

– माई