बारावीला गणितात 94 आणि एम-वनमध्ये 30 पैकी 7

“ताई, आमच्या लेकराचं डोकं चालंना झालंय का हो?” लातूरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आलेल्या आईनं खुर्चीत टेकायच्या आधीच हे विचारलं. मुलगी शेजारी मान खाली घालून बसली होती. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला. बारावीला गणितात 94, सीईटीला उत्तम पर्सेंटाइल. आणि एम-वनच्या, म्हणजे पहिल्या सत्रातल्या गणिताच्या, इन-सेमला, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेला, 30 पैकी 7. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

दिवाळीच्या मागेपुढे हा प्रश्न घेऊन समुपदेशनासाठी दरवर्षी माझ्याकडे कुणी ना कुणी येतंच. आकडे बदलतात, भीती तीच असते: हुशार मूल अचानक मागे कसं पडलं?

आईंना चहाला पाठवलं आणि आधी मुलीची झोप, जेवण, मनात येणारे विचार याबद्दल बोलले. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटत असेल, दिवसेंदिवस झोप नसेल, तर गणित बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं, यात मी कधीच तडजोड करत नाही. हिचं तसं नव्हतं. पण ती म्हणाली, “मॅम, मला गणित कधी येतच नव्हतं बहुतेक. मार्क क्लासनं पाडले.”

मी उत्तरपत्रिका मागितली. पेपर दाखवले तेव्हा तिनं मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते. पहिलाच प्रश्न रोलच्या प्रमेयाचा (काही अटी पाळणाऱ्या फलनाची किंमत दोन्ही टोकांना सारखी असेल, तर मधे कुठेतरी, c या बिंदूला, त्याचा चढ शून्य होतो, असं हे प्रमेय सांगतं): 1 ते 3 या अंतरात x² − 4x + 3 या फलनासाठी प्रमेय पडताळून पाहा. तिनं एकच ओळ लिहिली होती, c = 2. उत्तर बरोबर. गुण, चारपैकी एक.

“बरोबर आहे की मॅम! मग तीन कुठं गेले?”

बी.एस्सी.ला माझं गणित होतं, त्यामुळे एवढं मला सांगता येत होतं. कागदावर मी |x| लिहिलं, अंतर −1 ते 1. “दोन्ही टोकांना किंमत सारखीच आहे. आता c काढ.” ती काढत बसली. शून्याच्या डावीकडे चढ −1, उजवीकडे 1. शून्य कुठेच येईना. दोनदा खोडलं. मग टोकदार आलेख काढला आणि पेन्सिल त्या टोकावरच थांबली. “इथं डेरिव्हेटिव्हच नाही... म्हणजे अट मोडली!” फलन अंतरात सलग आहे का, आतल्या प्रत्येक बिंदूला विकलनीय आहे का (म्हणजे तिथे डेरिव्हेटिव्ह, चढ, निघतो का), टोकांच्या किमती सारख्या आहेत का, या तीन अटी तपासल्या की मगच c शोधायला अर्थ आहे. तिचे तीन गुण त्या तीन न लिहिलेल्या ओळींत होते.

यात तिची चूक किती? सीईटीत गणिताचे 50 प्रश्न, 90 मिनिटं, प्रत्येकी दोन गुण, चुकलं तरी गुण कापत नाहीत. दोन वर्षं तिचा हात शॉर्टकटनं पर्यायापर्यंत पोचायला शिकला होता, आणि तो ते उत्तम शिकला होता. बोर्डाला पायऱ्या लिहिल्या होत्या, पण त्या पाठ होत्या. एम-वनला विचारतात ती कारणं. खेळ बदलला आणि तिला कुणी सांगितलं नाही.

खरं तर सांगितलं होतं, कागदावर. पहिल्या आठवड्यात दिलेला टीचिंग प्लॅन तिच्या सॅकमध्ये चार घड्या करून पडलेला होता. आम्ही तो शेजारी बसून वाचला. 75 टक्के हजेरी. इन-सेम 30, एंड-सेम म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा 70, टर्म वर्क म्हणजे सत्रभराच्या कामाचे 25. दर आठवड्याला ट्यूटोरिअल, गणितं स्वतः सोडवून आणायची. खाली सरांची शंका विचारायची वेळ. डिफॉल्टर लिस्टच्या भीतीनं हजेरी तिनं पाळली होती. ट्यूटोरिअल मात्र हॉस्टेलच्या ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफवरून उतरवलेली, सुंदर अक्षरात. आणि सरांकडे? “ढ मुलंच जातात ना मॅम.” लातूरच्या क्लासमध्ये रोज संध्याकाळी कुणीतरी समोर बसवून डाउट सोडवून घ्यायचं. इथे स्वतःहून दार ठोठवायचं असतं, हे तिला उमगलंच नव्हतं.

इथे मला कॉलेजांनाही कळकळीनं सांगायचंय. सगळ्या विषयांचे असे कागद एकाच आठवड्यात हातात ठेवले की मुलं ते वाचत नाहीत. पहिल्या तासाला एक तपासलेलं उत्तर फळ्यावर दाखवा, गुण कुठे जातात ते दाखवा. वीस मिनिटं लागतील.

आम्ही ठरवलं ते थोडंच होतं. पीडीएफ बंद. रोज दोन गणितं, सोडवलेलं पुस्तक दप्तरात ठेवून. अडलं तर जिथे अडलं तिथे रेघ मारायची आणि तीच वही घेऊन आठवड्यातून एकदा सरांकडे जायचं. नुसतं “समजलं नाही” म्हणायचं नाही, ती रेघ दाखवायची.

आईंची भीती वेगळी होती: वर्ष वाया जाणार. त्यांना एटीकेटी समजावली. एखादा विषय राहिला म्हणून सहसा वर्ष जात नाही, दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मात्र तिच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाआधी पहिल्या वर्षाचं सगळं सुटावंच लागतं. नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात, म्हणून शेजारच्या दादाला न विचारता ऑफिसमधून लेखी घ्या, असं सांगितलं. आणि एक विनंती केली: फोनवर मार्क विचारू नका, “आज सरांना काय विचारलंस?” एवढंच विचारा. त्या म्हणाल्या, “मला गणितातलं काय कळतंय?” मी म्हटलं, “तिनं सांगायचं, तुम्ही ऐकायचं.”

पहिल्या खेपेला ती केबिनच्या दारातून परत आली. दुसऱ्यांदा मैत्रिणीला सोबत नेलं. एंड-सेमला 70 पैकी 39 पडले. मनासारखे नव्हते, पण विषय सुटला.

जानेवारीत ती एकटीच आली आणि जुन्या ट्यूटोरिअलचं एक पान दाखवलं. खाडाखोड भरपूर, समासात सरांचं लाल शाईतलं वाक्य: “दुसरी अट कुठे आहे?”

“आधीच्या सगळ्या पानांवर नुसती सही आहे मॅम,” ती म्हणाली. “हे त्यांनी वाचलंय.”