हेदरच्या माळावरची घरटी

प्रश्न : स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या डोंगरमाळांवर रेड ग्राउस पक्षी टिकावेत म्हणून खोकडं, स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) आणि कावळे मारतात. याचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर : होतो, पण वेळ साधली तरच. मादी एप्रिल-मेमध्ये हेदरच्या झुडपाखाली, थेट जमिनीवर अंडी घालते आणि तीन आठवडे एकटीच उबवते. त्यामुळे फेब्रुवारी ते जून हाच शिकारी प्राणी मारण्याचा खरा हंगाम. नुसतं शरदात खोकडं मारली, तर वसंतापर्यंत बाहेरची येऊन जागा भरतात. उत्तर इंग्लंडमधल्या ऑटरबर्नच्या प्रयोगात (२०००–२००८) शिकारी प्राण्यांच्या नियंत्रणामुळे ग्राउस, टिटवी, लांब बाकदार चोचीचा कर्ल्यू वगैरे पक्ष्यांच्या विणीचं यश सरासरी तिपटीने वाढलं.

प्रश्न : सापळे रिकामेच राहतात. काय चुकतं?

उत्तर : बहुधा जागा. स्टोट उघड्यावर हिंडत नाही. दगडी बांध, चर, ओढ्यावरचा ओंडका धरून पळतो. ज्यात सापळा बसवतात तो लाकडी बोगदा तिथेच, जमिनीला टेकवून ठेवा. तोंड अरुंद हवं, नाहीतर साळिंदरासारखा काटेरी हेजहॉग आत अडकतो. जुना, स्प्रिंगचा फेन सापळा स्टोटसाठी एप्रिल २०२० पासून बेकायदा आहे; डॉक १५० सारखा मान्य सापळाच वापरा.

कावळ्यांसाठी लार्सन पिंजरा (आत आमिष म्हणून जिवंत कावळा ठेवलेला सापळा) मार्च-एप्रिलमध्ये उत्तम, कारण हद्द राखणारी जोडी आतल्या परक्या कावळ्यावर धावून येते. त्या कावळ्याला दाणापाणी, आडोसा, बसायला दांडी द्या आणि पिंजरा रोज तपासा. हेन हॅरियरसारख्या शिकारी पक्ष्यांना मात्र हात लावायचा नाही. तो गुन्हाच आहे.